बिनदिव्याचा छापखाना

मोबाईल खिशात घाला बघू आधी. तो उजेड खालून तोंडावर पडला की तुम्हीच सगळे भुतं दिसता, मग मी वेगळी गोष्ट सांगायची कशाला? हां, आता सरका जवळ. आणि मधे मधे "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. काय झालं ते सांगायलाच बसलोय. हे गुडघे घेऊन पळून कुठे जाणार आहे मी?

गोष्ट आमच्या खटपट्याची. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते फक्त सहीपुरतं. बाकी सगळीकडे खटपट्या. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नवे नव्हे, जुनेच. दुकानवाला ज्याला बघून नाक मुरडतो, 'फेकून द्या हो, नवीन घ्या' म्हणतो, ते खोकं हा मांडीवर घेऊन बसणार. बायको म्हणायची, "मी म्हातारी झाले की तरी माझ्याकडे बघाल ना?" माणूस सरळ. थापा मारणाऱ्यातला नाही, आणि भित्रा तर त्याहून नाही. म्हणूनच त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. तुम्हाला हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

रविवारची रात्र होती, फेब्रुवारीची अखेर. अमावस्या-बिमावस्या काही नाही, उगाच तिखटमीठ लावणार नाही मी. उलट टिपूर चांदणं होतं. खटपट्या दुसऱ्या गावचं काम उरकून, दोन रात्री धड न झोपता नुकताच घरी आला होता. पायातले मोजे काढत होता. एक काढला, तेवढ्यात ताईचा फोन. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. अंध मुलांच्या शाळेत शिकवायची आणि तिथेच वसतिगृहात मुलांबरोबर राहायची.

"झोपलास का रे?"

"झोपायच्या बेतात आहे. बोल."

"मग नको झोपूस. इकडे ये."

"ताई, अंग नुसतं चिंधी झालंय माझं. सकाळी लवकर येतो ना."

"सकाळी परीक्षा आहे," ताई म्हणाली. "भिंगरीची."

एवढ्यावर त्याने काढलेला मोजा परत घातला.

भिंगरी म्हणजे त्या शाळेतली एक मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. डोळ्यांनी जन्मापासून दिसत नाही, पण पोरगी हुशार, आणि जिभेला हाड नाही. आदल्या वर्षी गणितात नापास झाली होती. का? तर त्या वर्षी शाळेतलं ब्रेल छापायचं यंत्र बंद पडलं होतं. मग एका बाईंनी वर्गात उभं राहून सगळ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवला. आता मला सांगा, गणिताचा पेपर कानांनी सोडवायचा कसा? कंस कुठे उघडला, कुठे मिटला, वर्ग कुणाचा करायचा, शेवटच्या अक्षराचा की सगळ्याचा? भिंगरीने पुन्हा वाचा म्हटलं, त्यांनी पुन्हा तसंच वाचलं. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली. ती परीक्षेतून बाहेर आली आणि म्हणाली, "मला माझा पेपर माझ्या बोटांनी वाचायचाय. बाकी मला काही नको." नियम असा होता की दुसऱ्यांदाही नापास झाली तर शाळा सोडायची, वसतिगृह सोडायचं, घरी जायचं. घरी म्हणजे कुठे, तर काकूच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बसायचं. तिथून परत कोण आणतंय?

नवीन यंत्र शनिवारपर्यंत येणार होतं. येणार, येणार, निघालंय, वाटेत आहे. शनिवारी संध्याकाळी कळलं की ते वाटेतच बसलंय. मग उरलं जुनं. ब्रेलचं यंत्र कागदावर शाई उमटवत नाही, ते हातोड्या मारून टिंबं उठवतं. ते जुनं यंत्र दणकट होतं, त्याला काही झालं नव्हतं. मेला होता तो त्याला जोडलेला कॉम्प्युटर. त्याची डिस्क गेली होती, आणि छपाईचा प्रोग्राम चालायचा फक्त युनिक्सवर. युनिक्स म्हणजे तुमच्यासारखं चित्रांवर बोटं फिरवायचं काम नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक ओळ तुम्ही लिहायची, एक ओळ त्याने बोलायची. कामापुरतं बोलणाऱ्या माणसासारखं. तेव्हा काम काय? जुन्या खोक्यात नवी डिस्क बसवायची, त्यावर युनिक्स चढवायचं, आणि सकाळपर्यंत ते आपल्या पायावर उभं करायचं.

ताईने त्याला छापखान्यात नेलं. छापखाना म्हणजे लांबलचक ओसरीच्या टोकाची एक खोली. दार उघडलं, कोऱ्या कागदाचा आणि तेलाचा वास आला. खटपट्याने भिंत चाचपली.

"बटण कुठाय?"

"बटण नाहीये."

त्याने बॅटरी मारून वर बघितलं. छत गुळगुळीत. बल्ब सोडा, बल्ब लावायची जागासुद्धा नाही.

"इथे छापकाका बसायचे," ताई म्हणाली. "त्यांना काय करायचाय बल्ब? खोली बांधली तेव्हाच म्हणाले, माझ्यासाठी वायर फुकट घालवू नका."

छापकाका म्हणजे छापखान्याचे काका. स्वतः अंध. किती वर्षं त्या खोलीत होते कुणास ठाऊक, ताई शाळेत आली तेव्हाही ते होतेच. आदल्या वर्षी परीक्षेच्या थोडंसं आधी गेले. घरी, झोपेत. ते गेले आणि त्यांच्या पाठोपाठ कॉम्प्युटरही गेला. त्यानंतर त्या खोलीत कुणी काम केलं नव्हतं.

"चहा ठेवते इथे," ताई म्हणाली. "मी वर मुलांपाशी आहे. लागलं तर हाक मार."

"लागलं तर नाही, लागणारच," खटपट्या म्हणाला. "पण तू झोप. दोघांनी जागून काय उजेड पडणार आहे?"

त्याच्याकडे चार्जिंगचा कंदील होता. भिंतीवरच्या बोर्डाला जागा तीनच. एकीत कॉम्प्युटर, एकीत त्याचा पडदा, आणि तिसरीत छपाईच्या यंत्राची पिन. छपाई काही रात्री करायची नव्हती. त्याने यंत्राची पिन काढली, कंदिलाची घातली, आणि बाह्या सरसावून बसला.

आता खरी वरात सुरू झाली. बटण दाबलं, खोकं नुसतं तीनदा कोकललं आणि गप्प. याने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या पिवळ्या कडा खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. कोकलणं थांबलं. मग तारीख बघतो तर यंत्र म्हणतंय, आत्ता माझ्या जन्माचंच वर्ष चालू आहे. म्हणजे खोक्यातल्या बोर्डावरचा, तारीख सांभाळणारा सेल संपलेला. तो काढला. पिशवीत नवा सापडेना, सगळी पिशवी जमिनीवर ओतली तेव्हा तळाशी सापडला. मग सीडी घातली, तर खोकं सीडीवरून सुरूच होईना. ते इतकं जुनं की सीडीवरूनही सुरू होता येतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मग फ्लॉपी. हसू नका, फ्लॉपी होती त्याच्याकडे. त्याच्याकडे सगळं असायचं. फ्लॉपीने सुरुवात करून दिली, सीडीने पुढे नेलं, तर नवी डिस्क दिसेना. तिच्या पाठीवरची बारकी टोपी चुकीच्या काड्यांवर बसलेली. ती हलवली. दिसली, पण अर्धीमुर्धीच. एवढी मोठी डिस्क त्या खोक्याने आयुष्यात बघितली नव्हती. मग डिस्कच्या अगदी सुरुवातीला छोटासा कप्पा करून सुरुवातीचं सगळं सामान त्यात ठेवलं, म्हणजे खोक्याला फार लांब शोधायला नको.

हे सगळं सांगायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या किती तरी पट त्याला लागला. पाठीचा काटा ढिला झाला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. पण युनिक्स चढलं. पडद्यावर आलं, झालं बाबा, आता पुन्हा सुरू कर. त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि पुन्हा सुरू केलं.

एक ओळ आली. आणि पडदा काळा.

थांबला. काही नाही. कुठलं बटण दाबून उपयोग नाही. डिस्क मात्र आतल्या आत कुरकुरायची, मग थांबायची, मग गप्प.

"अडकलं," तो म्हणाला. बंद केलं. पुन्हा चालू. एक ओळ, काळं. पुन्हा बंद. सगळं युनिक्स पुसून पहिल्यापासून चढवलं. पुन्हा तेच. जांभया देऊन देऊन जबडा दुखायला लागला होता त्याचा. डोकं टेबलावर टेकवावं आणि सकाळी ताईला सांगावं, नाही जमलं, असंही एकदा मनात आलं. पण भिंगरीला काय सांगायचं? तो तिला ओळखत होता. शाळेत गेला की ती त्याच्या हातातली पिशवी ओढून घ्यायची आणि आतलं एकेक हत्यार चाचपून नाव सांगायची. तिला जाऊन सांगायचं, की बाई गं, यंदाही ऐकून सोडव?

म्हणाला, निदान छपाईचं यंत्र तरी चालतंय का बघू, नाही तर सकाळी ते वेगळंच रडायचं. कंदिलाची पिन काढली. यंत्राची घातली. कंदील आता त्याच्या आतल्या चार्जिंगवर, आणि त्याची बॅटरी म्हातारी. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

एक ओळ. काळं.

आणि त्याच्या पाठीमागे छपाईचं यंत्र धडाधड हातोड्या मारायला लागलं.

खटपट्या खुर्चीवरून पडायचाच राहिला. ताडताड ताडताड... कागद सरकतोय, टिंबं उठतायत. एक पान, दुसरं पान. मग थांबलं.

तो बघत राहिला. मग कपाळावर हात मारला आणि एकटाच हसला. "हात्तिच्या! अरे, हे तर तिकडे बोलतंय!"

कळलं का तुम्हाला? कॉम्प्युटर अडकलाच नव्हता. सुरू होताना तो जे पडद्यावर बोलतो ते सगळं तो मागच्या तारेतून छपाईच्या यंत्राला सांगत होता. तशी सोय असते जुन्या बोर्डांत. छापकाकांना पडद्याचा काय उपयोग? त्यांनी कॉम्प्युटरला कागदावर बोलायला लावलं होतं, आणि ते बोटांनी वाचायचे. आणि हा मूर्खासारखा काळ्या पडद्याकडे बघत म्हणत होता की मेला, मेला. बरं, युनिक्सला असं धाडकन बंद केलेलं सोसत नाही. पुढच्या वेळी उघडताना ते चौकशी करतं. इथे मोडलंय, दुरुस्त करू का? तिथे तुटलंय, जोडू का? हो म्हणेपर्यंत बसून राहतं. म्हणजे ते बिचारं विचारत होतं आणि हा त्याचा गळा दाबत होता.

त्याला एवढं हलकं वाटलं, एवढं हलकं वाटलं की विचारू नका. बोर्डाच्या मांडणीचं, म्हणजे सेटिंगचं, पान उघडलं. ते पान पडद्यावर दिसायचं. तिथे ती ओळ होतीच. बोलणं कुठे? मागच्या तारेवर. त्याने बदलून 'पडद्यावर' केलं. जपून ठेवलं. पुन्हा सुरू केलं.

एक ओळ. काळं. मागे ताडताड, ताडताड.

"आता काय झालं बाबा तुला?"

पुन्हा मांडणी उघडली. बोलणं कुठे? मागच्या तारेवर.

आपणच झोपेत चुकीचं बटण दाबलं असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा बदललं. आणि तेव्हा त्याचा हात बटणावरच थांबला. कारण एक गोष्ट त्याला आत्ता आठवली. सेल. बोर्डाचा सेल त्याने काढला होता, आणि तो चांगला बराच वेळ बाहेर होता. सेल काढला की बोर्डाची सगळी आठवण पुसली जाते. तारीख जाते, मांडणी जाते, सगळं कोरं. छापकाकांनी केलेलं काही त्यात उरणं शक्यच नव्हतं.

मग हे केलं कुणी?

त्याने हात मांडीवर ठेवले. दोन्ही हात. कीबोर्ड टेबलावर. पडद्यावर मांडणीचं पान, आणि 'पडद्यावर' या शब्दावर निळी पट्टी. तो नुसता बघत बसला.

टक.

पट्टी खाली सरकली.

त्याचे हात मांडीवरच होते, पोरांनो. मी त्याला तीनतीनदा विचारलं. मांडीवरच होते.

टक. जपून ठेवलं गेलं. कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला. एक ओळ... काळं.

ताडताड, ताडताड, ताडताड.

थांबलं.

खटपट्या उठला. खुर्ची मागे पडली, उचलली नाही. दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला. बाहेर ओसरीत चांदणं पडलं होतं, दाराच्या फटीतून दिसत होतं. दार ओढायचं आणि जायचं. कोण काय म्हणणार होतं? ताई वर होती. घर होतं. अंथरूण होतं. एवढा दमला होता की त्याला रडायला येत होतं, तो स्वतः म्हणाला मला.

पण तो गेला तर? यंत्र मधेच कुठे तरी अडून बसणार, सकाळी ताईला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. दहा वाजता भिंगरी बाकावर बसणार, आणि कुणी तरी उभं राहून वाचायला लागणार.

कडी त्याने तशीच सोडली.

कंदील पिवळा पडायला लागला होता.

"काका," तो म्हणाला. त्या माणसाला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. "काका, मी खटपट्या. ताईचा भाऊ. तुमची खोली आहे, मला माहितेय. मी... मी दमलोय हो. मला हे वाचता येत नाही. उद्या पोरीचा पेपर आहे. तुम्हाला जसं हवं तसं राहू द्या. मी नाही हात लावत."

त्याने भिंतीशी वाकून पडद्याची पिन उपटून काढली. का, ते त्यालाही सांगता येत नाही. म्हणाला, तो पडदा तिथे उभा असणं बरं दिसेना. त्या जागेत कंदिलाची पिन घालता आली असती. घातली नाही. कंदील विझला... आणि तो भिंतीला पाठ लावून खाली बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

अंधार. खोक्यावरचा हिरवा ठिपका तेवढा, बाकी डोळे उघडे काय, मिटलेले काय.

मग...

सर्र.

कोरड्या बोटांखाली कागद सरकतो तसा आवाज. सावकाश. डावीकडून उजवीकडे.

सर्र... सर्र...

थांबला.

टक.

डिस्क कुरकुरली. हातोड्या पडल्या, थोड्याच. एक ओळ असेल.

सर्र...

टक.

ओळ. बोटं. टक. ओळ. बोटं. टक. मधे एकदा बराच वेळ काहीच नाही... मग कुणी तरी खोल श्वास सोडल्यासारखं वाटलं. तो वारा असेल. खिडकी बंद होती. तरी वारा असेल.

टक.

खटपट्याला हळूहळू उमगलं की आता जे चाललंय ते यंत्र विचारतंय आणि कुणी तरी उत्तर देतंय. घाई नाही, गडबड नाही. रोजचं काम. त्याचे दात वाजत होते. तरीही, म्हणाला, त्या आवाजाचं एक होतं. कानाला बरा वाटायचा. जागं राहून घाबरायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं, आणि ते त्याच्यात उरलं नव्हतं. कधी डोळा लागला कळलंच नाही.

ताईने दार ढकललं तेव्हा उजाडलं होतं. हा भिंतीशी मुटकुळं करून पडलेला, खुर्ची आडवी, पडद्याची वायर जमिनीवर.

"अरे देवा! जमलं नाही का रे?"

त्याने बोट नुसतं कॉम्प्युटरकडे केलं. खोक्यावरचा हिरवा दिवा चालू होता. ताई यंत्राशी गेली, लांबलचक कागदाची पट्टी उचलली आणि खिडकी उघडून टिंबं डोळ्यांनीच वाचत गेली.

"हे तर सुरू झालंय! सगळं तपासून, दुरुस्त करून... शेवटी नाव विचारत थांबलंय. किती ठिकाणी 'हो' म्हणावं लागलं रे तुला!"

त्याने मान हलवली. ताईला आणखी अठ्ठावीस कामं होती, आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की तो तसाच राहू द्यावा असं त्याला वाटलं.

आठ वाजता परीक्षेचे साहेब आले. सीलबंद पाकिटातल्या सीडी घेऊन. त्यांच्यासमोर सील फोडलं, तोवर ताईकडून टिंबं वाचून घेत खटपट्याने छपाईचा प्रोग्राम चढवलाच होता, आणि यंत्र ताडताड चालू झालं. नव्या गठ्ठ्यातला कागद, खटपट्याने स्वतः बंद गठ्ठा फोडून लावलेला. बाकी मुलांचे पेपर आधी निघाले. ते घेऊन साहेब वर्गाकडे गेले. भिंगरीचा वेगळा, कारण ती एकटीच दुसऱ्यांदा बसणारी. तो सगळ्यात शेवटी निघाला. ताईने तो कापून नीट लावला, टेबलावर ठेवला, आणि पाकीट आणायला पळाली. खटपट्या नळावर तोंड धुवायला गेला. डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारत होता तेवढ्यात घंटा झाली, आणि पाकीट घेऊन परत आलेल्या ताईने पेपर झडप घालून उचलला नि वर्गाकडे धावली.

मग दोघं पायरीवर बसून राहिले. चहा प्यायले. ताईने एकदा त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, लहानपणी तो तिच्या टेकवायचा तसं. त्याला तिथेच बसल्या बसल्या झोप लागली.

"बाई! बाई!"

भिंगरी भिंतीला एक बोट लावून पळत येत होती. पळत. दिसणाऱ्यांनी काय पळावं. "बाई, सगळा आला! एकूण एक! कंस, वर्ग, सगळं माझ्या बोटांनी बघितलं. यंदा कोण नापास करतंय मला बघतेच!"

ताईने पोरीला नुसतं जवळ घेतलं. खटपट्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि नाक पुसलं.

"पण बाई," भिंगरी म्हणाली, "मला जुना पेपर का दिलात?"

"जुना कसला? सकाळी छापलाय, माझ्यासमोर."

"अहो, नाही. नवा कागद बोटाला टोचतो. हा मऊ होता. टिंबं दबलेली. लायब्ररीतली ती जुनी पुस्तकं असतात ना, सगळ्यांनी वाचून वाचून झिजलेली? तसा. मला अडलं काहीच नाही, उलट छान वाचता आला. पण माझ्याआधी कुणी तरी वाचलाय तो. नीट, सावकाश. ओळीमागून ओळ."

ताईने तिच्या हातातून पेपर घेतला. मागून येणाऱ्या दुसऱ्या मुलाचाही घेतला. एकावर बोट फिरवलं, मग दुसऱ्यावर. मग तिने भिंगरीचा पेपर आपल्या भावाकडे दिला.

खटपट्याला ब्रेलचं अक्षरही येत नव्हतं. त्याने डोळे मिटले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. मऊ. दुसरी, मऊ. पान उलटलं. मऊ, सगळं मऊ, पायाखाली झिजलेल्या पायरीसारखं. तो खाली खाली जात राहिला. शेवटचं पान. शेवटचं गणित. आणि त्या गणिताच्या शेवटच्या ओळीवर बोट आलं तेव्हा त्याने हात एकदम मागे घेतला.

टिंबं टोचली. ती ओळ कोरी करकरीत होती. सकाळी घंटा झाली नि ताईने टेबलावरून पेपर उचलला तेव्हा तेवढीच एक वाचायची राहिली होती.